धाकटीच्या विमानाचा कार्बुरेटर

मित्रांनो, मी एक जुना कार्बुरेटर आहे. मोटारीत असतो तसला दांडगा नव्हे, तुमच्या अंगठ्याएवढा. रिमोटवर उडणारी छोटी विमानं तुम्ही पाहिली असतील. तसल्याच एका विमानाच्या, मुठीत मावणाऱ्या इंजिनावर माझं आयुष्य गेलं.

माझं काम म्हटलं तर अगदी साधं आहे. हवा आणि इंधन यांचं मिश्रण करून इंजिनाला भरवायचं, एवढंच. पण भरवणं किती नाजूक असतं ते कुठल्याही आईला विचारा. इंधन जास्त झालं तर इंजिन गुदमरतं आणि अडखळत चालतं. कमी पडलं तर आधी ते जोरात पळतं, आपल्याला वाटतं वा, काय चाललंय! मग ते तापतं आणि एकाएकी बंद पडतं. किती इंधन द्यायचं ते ठरवते माझ्या कुशीतली एक बारीक सुई. ती उजवीकडे फिरवली की इंधन कमी होतं, डावीकडे फिरवली की वाढतं. माझ्या मालकिणीचं सुखदुःख बरीच वर्षं त्या सुईच्या टोकावर तोललेलं होतं.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे लेथवर धातूची कांडी फिरत होती आणि तिचे चकचकीत कुरळे केस जमिनीवर पडत होते. त्या कांडीतून मी निघालो. मला भोकं पाडली, घासलं, धुतलं. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला खिडकीकडे धरून आरपार पाहिलं आणि माझ्यात फुंकर मारली. कुठे कचरा अडकलाय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण मित्रांनो, माझ्या घशातून गेलेली ती पहिली हवा. त्या बाईंचा चेहरा मला आठवत नाही, फुंकर मात्र अजून आठवते.

मग मला इंजिनावर बसवलं, आम्हा दोघांना खोक्यात घातलं आणि एका दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवलं. तिथून मला घेऊन गेली ती धाकटी.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चष्म्यांच्या बारीक मळसूत्रांशी दिवसभर खेळून तिची बोटं फार हुशार झाली होती. ती आणि तिची थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरलीनेच धाकटीला वाढवलं होतं. थोरली वाचनालयात काम करायची. लोकांना गप्प बसवणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता, त्यामुळे आवाज म्हटला की तिच्या कपाळावर आठी पडायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "हे घरात चालू करणार असशील तर एक तर हे राहील, नाही तर मी."

"मैदानावर चालवणार गं ताई," धाकटी हसत म्हणाली.

मैदान गावाबाहेर होतं. तिथे विमानं उडवणारी दहापाच हौशी माणसं रविवारी सकाळी जमायची. त्यांत एक होते बंबकाका. अग्निशमन दलात त्यांची हयात गेली होती, म्हणून हे नाव. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला शिंकले तर त्या टोकाच्या माणसाने "बरं आहे ना?" म्हणून विचारावं. माझी सुई कशी लावायची ते धाकटीला त्यांनीच शिकवलं.

"पोरी, विमानाच्या नाकावरच्या या पंख्याच्या मागे उभं राहायचं. पुढून हात घातलास तर बोटं जातील," ते म्हणाले. "पहिल्या काही टाक्या भरपूर इंधन पाज. नवं लेकरू आहे, पळवू नकोस. नंतर सुई बंद करत जा, अगदी हळू. आवाज चढत जाईल. चढून चढून एका जागी थांबेल. तिथे मोह होतो. तिथून जरा मागे ये. थोडा धूर सुटला पाहिजे. धूर दिसतोय तोवर इंजिन सुखात आहे."

धाकटीचा कान फार तयार होता. डोळे मिटून ती सुई फिरवायची आणि नेमक्या जागी थांबायची. मग ती विमानाचं नाक आभाळाकडे धरून बघायची, कारण चढावर इंधन कमी पोचतं. तसं धरल्यावरही आवाज पडला नाही, की तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायचं. विमान वर गेलं की इंधनात मिसळलेल्या एरंडेलाच्या वासाचा पांढरा धूर आमच्या मागे रेघ ओढत यायचा. "काय गातंय इंजिन!" असं लोक म्हणायचे. कौतुक इंजिनाचं व्हायचं, माझं नाव कुणी घ्यायचं नाही. पण भरवणाऱ्याला जेवणाऱ्याचं कौतुक झालेलं चालतं. ती वर्षं फार सुखाची होती.

मग धाकटी आजारी पडली.

साधा ताप म्हणता म्हणता तो मेंदूत गेला. घराला कुलूप, आम्ही विमानासकट कपाटावर. थोरली मधूनच यायची, कपडे घ्यायची आणि पळत रुग्णालयात जायची. शेवटी धाकटी घरी आली. जीव वाचला होता, पण दोन्ही कान गेले होते.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी तिने मला आणि इंजिनाला विमानापासून सोडवलं, खोक्यात घातलं आणि खोकं पलंगाखाली ढकललं. टाकी रिकामी केली नाही, गंज चढू नये म्हणून सोडायचा तो तेलाचा थेंबही सोडला नाही. एरवी ती असं कधी करत नसे.

अंधारात आमच्या अंगातलं एरंडेल घट्ट होत गेलं. आधी चिकट, मग डिंकासारखं, मग कडक. सुई जागच्या जागी गच्च झाली. इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हलेना. पण मी तक्रार करणार नाही. पलंगाखाली राहून मला वरचं सगळं कळत होतं. धाकटी दुकानात मागच्या खोलीत बसून काम करायची, घरी यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. ओठांवरून बोलणं ओळखायला ती हळूहळू शिकली, पण स्वतः बोलणं तिने जवळजवळ सोडूनच दिलं. आपला आवाज किती मोठा येतो ते आपल्याला कळत नाही, लोक दचकतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. दोन खोल्यांच्या त्या घरात आता खरोखरच वाचनालयासारखी शांतता होती, आणि थोरलीला ती सोसवत नव्हती.

एका रविवारी चप्पल शोधायला थोरली पलंगाखाली वाकली आणि खोकं तिच्या हाताला लागलं. तिने आम्हाला टेबलावर ठेवलं. माझी सुई चिमटीत धरून फिरवून पाहिली, ती हलेना. मग थोरलीने स्वयंपाकघरातून पक्कड आणली. गॅसच्या नळीचा पट्टा आवळायची ती थोराड पक्कड पाहून माझं धाबं दणाणलं! पकडीचे दात माझ्या सुईला लागले, थोरलीने दातओठ खाल्ले, आणि तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या धाकटीने कूस बदलली.

"ताई!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. "जोर लावू नकोस! मोडेल ती! तेल सुकलंय, आधी ऊब द्यावी लागते! कुणी पक्कड लावतं का सुईला?"

थोरलीने पक्कड खाली ठेवली आणि शांतपणे, ओठ नीट दिसतील असं म्हणाली, "मला काय माहीत? तू दाखव."

मित्रांनो, थोरलीला खरंच माहीत नव्हतं की तिने मुद्दाम केलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. कळावं असंही वाटत नाही.

त्या दुपारी धाकटीने आम्हाला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली. इंधनाचे थेंब सोडून वाट पाहिली, पुन्हा ऊब दिली. दट्ट्या आधी केसभर हलला, मग सुटला. माझी सुई तिने हलकेच बाहेर काढली, पुसली, उजेडात धरून सरळ आहे ना ते पाहिलं. चष्म्याच्या दुकानातली ती हुशार बोटं पुन्हा माझ्या अंगावरून फिरली. मग थोरली म्हणाली, "ऐकायचं मी बघते. बाकीचं तू बघ."

मैदानावर गेलो त्या दिवशी नेमके बंबकाका गुडघा धरून घरी बसले होते. इंजिन चालू झालं आणि थोरलीने दोन्ही हातांनी कान झाकले.

"ताई, कान झाकून कसं चालेल? आवाज कसाय?"

"मोठा."

"मोठा म्हणजे कसा?"

"फार मोठा!"

गंमत बघा. इंजिनाच्या त्या गोंगाटात बाकी कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. धाकटीला मात्र थोरलीच्या ओठांवरून एकेक शब्द कळत होता. पण ज्याला नावच नाही ते सांगणार कसं? थोरलीला वाटलं, आवाज चढतोय म्हणजे चांगलं होतंय. ती मान डोलवत राहिली आणि धाकटी सुई बंद करत राहिली. धूर विरळ होत गेला. घाई दोघींनाही होती. माझ्यातून इंधनाची अगदी बारीक धार जात होती. इंजिन तापत होतं हे मला कळत होतं, पण सांगायला मला तोंड कुठे आहे?

विमान उडालं, चढलं. ऐन चढावर इंजिन बंद पडलं.

धाकटीची नजर आभाळात होती. इंजिन थांबल्याचं तिला कळलंच नाही. ती विमानाचं नाक वर ओढत राहिली. थोरली जिवाच्या आकांताने ओरडली, "बंद पडलं! बंद पडलं गं!" पण आभाळाकडे लागलेल्या डोळ्यांना शेजारचे ओठ कसे दिसणार? विमानाचा वेग सरला, ते एका पंखावर कललं आणि गिरक्या घेत गवतात आपटलं. डावा पंख मोडला. माझ्या घशात माती गेली.

दोघी गवतात बसल्या. धाकटी पंखाचे तुकडे गोळा करत म्हणाली, "नाही जमणार, ताई. हे कानाचं काम आहे. उगाच हट्ट केला आपण."

थोरलीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तिचे स्वतःचे डोळे भरले होते, पण शब्द तिने एकेक सुटा करून उच्चारला. "बंद पडलं ते मला कळलं होतं. तुला सांगावं कसं, ते कळलं नाही. तेवढंच शिकायचं राहिलंय. तेवढंच."

पंख सांधून होईपर्यंत त्यांनी आम्हाला मैदानावरच्या एका बाकाला घट्ट आवळून बसवलं. बंबकाका गुडघ्याला पट्टी बांधून आले. ते मुद्दाम माझी सुई चुकीची लावायचे आणि थोरलीला विचारायचे, "आता सांग, काय झालं?" थोरली कान टवकारून ऐकायची. हळूहळू तिने प्रत्येक आवाजाला आपलं नाव दिलं. इंधन जास्त झालं की ती म्हणायची, "गुळण्या करतोय." नीट झालं की, "शिवणयंत्र." कमी पडायला लागलं की, "चिडलाय, चिडलाय, आता रडेल!"

बंबकाका म्हणाले, "पन्नास वर्षांत इंजिन रडताना मी ऐकलं नव्हतं."

"तुमच्या आवाजापुढे त्याचं रडणं ऐकू कसं येणार, काका?" थोरली म्हणाली, आणि बंबकाकांना एवढं हसू आलं की त्यांना बाकावर टेकावं लागलं.

धाकटीही गप्प बसली नव्हती. बाकाच्या लाकडावर, पंख्याच्या बऱ्याच मागे, तिने एक बोट टेकवलं. गुळण्या म्हणजे बोटाला टप्पे लागतात. शिवणयंत्र म्हणजे एकसारखी गुणगुण. चिडला की ती गुणगुण बारीक होऊन बोटाला मुंग्या आणते. थोरलीने कानाने सांगायचं आणि धाकटीने ते बोटाने ताडून पाहायचं, असं सुरू झालं. इंजिन मंद चालू असताना ती इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाबून पाही. आवाज किंचित चढून मग पडला, तर मंद चालही बरोबर. तो किंचित चढ थोरलीच्या भुवयांवर दिसायचा!

राहिला प्रश्न आभाळात गेल्यावरचा. त्याचं उत्तर थोरलीने काढलं. धाकटीच्या मागे उभं राहून तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला. इंजिन जसं बोलेल तशी बोटं बोलतील. एकसारखं चाललं तर हलका हात. आवाज बदलला तर दाब. बंद पडलं तर दोन ठोके. वाचनालयात बसल्या बसल्या ती टेबलावर बोटांनी हा सराव करायची. एकदा तर एक वाचक डोकं वर करून तिलाच म्हणाला, "शू!"

पंख सांधून झाला आणि तो रविवार उजाडला. सुई लावून झाल्यावर धाकटीने विमानाचं नाक आभाळाकडे धरलं. थोरलीने कानांत प्राण आणले. "शिवणयंत्र," ती म्हणाली. धाकटीने बोट टेकवलं आणि मान हलवली. "धूर?" बंबकाकांनी हातवाऱ्यांनी विचारलं. मागे धुराची पांढरी रेघ होती.

आम्ही उडालो. वर वारा स्वच्छ होता. मी भरवत होतो, इंजिन खात होतं, खाली दोन बहिणी एकीमागे एक उभ्या होत्या. धाकटीने एक मोठं वळण घेतलं, मग आणखी एक. बऱ्याच महिन्यांनी मिळालेलं आभाळ तिला सोडवत नव्हतं. टाकी संपत आली होती. मित्रांनो, टाकीचा तळ आला की नळीत हवा शिरते, माझ्या धारेत खंड पडतो आणि इंजिन बंद पडण्याआधी एकदम किंचाळतं. फार थोडा वेळ, नीट न ऐकणाऱ्याला कळतही नाही.

थोरलीला ते कळलं. तिची बोटं धाकटीच्या खांद्यात रुतली. धाकटीने विचार केला नाही, मागे वळून पाहिलं नाही. तिने विमान लगेच धावपट्टीकडे वळवलं. वळण पुरं होतंय तोच माझ्या घशातला शेवटचा थेंब संपला आणि पंखा थांबला. खांद्यावर दोन ठोके पडले. या वेळी धाकटीला माहीत होतं. तिने विमानाचं नाक वर ओढलं नाही, उलट जरा खाली सोडलं आणि वेग राखला. नुसत्या वाऱ्यावर तरंगत आम्ही आलो, गवताला चाकं लागली, थोडे उड्या मारत गेलो आणि उभे राहिलो.

बंबकाकांनी केवढ्याने तरी आरोळी ठोकली. धाकटीला ती ऐकू आली नाही, पण त्यांचं तोंड पाहून ती खो खो हसू लागली, मोठ्याने, कुणी दचकेल याची पर्वा न करता. थोरलीचा जीव भांड्यात पडला होता. ती धाकटीचा खांदा सोडतच नव्हती. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, सोड आता. दुखतोय."

त्यानंतर आम्ही खूप उडालो. पुढे बंबकाका थकले, खुर्चीत बसून बघायला लागले, मग एका वर्षी ती खुर्ची रिकामी राहिली. मैदानावर बॅटरीची विमानं आली. गुणगुणत जातात, तेल नाही, धूर नाही, वास नाही. चांगली आहेत हो ती. धाकटीच्या हाताखाली शिकलेल्या दोघीतिघी तीच उडवतात. माझ्या इंजिनाचा दट्ट्या झिजला, तेव्हा धाकटीने मला अलगद सोडवून त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनावर बसवलं. जुना सोबती जाताना वाईट वाटलंच. पण नव्यालाही भूक होती, आणि भुकेल्यापुढे रुसून बसणं मला जमत नाही.

मध्यंतरी थोरलीची बदली दूरच्या वाचनालयात झाली होती. तेव्हापासून बोटाने आणि धुराने सुई लावायची जबाबदारी धाकटीची एकटीची झाली, आणि खांद्यावर हात ठेवायचं काम तिच्या शिष्यिणींनी घेतलं. थोरली निवृत्त होऊन परत आली ती केस पांढरे करून. परवा ती बऱ्याच वर्षांनी मैदानावर आली. धाकटीने इंजिन चालू केलं, सवयीने बहिणीच्या ओठांकडे पाहिलं आणि विचारलं, "कसा वाटतो?"

थोरलीने कान पुढे केला, भुवया आक्रसल्या. मग ती ओशाळून म्हणाली, "नीट कळत नाही गं आता. माझेही कान गेले बघ. वयाने. काही उपयोग नाही माझा."

धाकटी तिला पंख्यापासून लांब, विमानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला, त्यातलं एक बोट निवडलं आणि विमानाच्या लाकडावर टेकवलं.

"इथे ऐक," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या हाताने तिने माझी सुई फिरवायला घेतली, हळू, अगदी हळू. काही वेळ थोरलीचा चेहरा कोराच होता. मग तिच्या भुवया किंचित वर गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी जुना तुमच्या घरात, कपाटावर किंवा पलंगाखाली पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. सुई अडली असेल तर जोर लावू नका, ऊब द्या आणि वाट पाहा. खेळून झालं की टाकी रिकामी करा आणि तेलाचा एक थेंब सोडा. एवढंच आम्हाला पुरतं, त्यावर आम्ही वर्षानुवर्षं काढतो. आणि घरातल्या कुणाला ऐकू येईनासं झालं, तर लांबून ओरडू नका. उठा, जवळ जा आणि त्यांचा हात हातात घ्या.